उन्हाचा कर्करोग आणि आपल्या मोजणीत नसलेली माणसे

प्रति,
मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या दैनिकाच्या आरोग्य पुरवणीत गेल्या पंधरवड्यात त्वचेच्या कर्करोगावर एक लेख प्रसिद्ध झाला. उन्हामुळे होणारा हा कर्करोग पेशीतल्या नेमक्या कोणत्या रेणूंपाशी अडवता येईल, यावर जगभर चाललेल्या संशोधनाची ओळख त्यात करून दिली होती. हा विषय मराठीत इतक्या नेटकेपणाने क्वचितच वाचायला मिळतो, त्यासाठी लेखकाचे मनापासून आभार. मात्र लेखाच्या शेवटच्या वाक्याने मला स्वस्थ बसू दिले नाही. आपली त्वचा मुळातच सावळी असल्याने आपल्या वाचकांना या रोगाची काळजी करण्याचे कारण नाही, अशा अर्थाचे ते वाक्य होते. बहुसंख्य वाचकांपुरते ते खरेही आहे. पण याच समजुतीने माझ्या भाच्याचे आठ महिने वाया घालवले, म्हणून हे पत्र लिहीत आहे.

माझी बहीण काटोलकडे दिलेली आहे. घरची संत्र्याची बाग आहे. तिचा धाकटा मुलगा अल्बिनिझम घेऊन जन्माला आला, म्हणजे त्याच्या त्वचेत, केसांत आणि डोळ्यांत रंगद्रव्यच नाही. आज तो ३४ वर्षांचा आहे. नजर अधू असल्याने शिक्षण अर्धवट राहिले, पण हिशेबाला पक्का, त्यामुळे तोडीच्या दिवसांत क्रेट मोजण्याचे काम त्याच्याकडे असते. आंबिया बहराची तोड ऑक्टोबरपासून डिसेंबरपर्यंत चालते आणि मृगाची फेब्रुवारी-मार्चमध्ये, म्हणजे वर्षातले चार-पाच महिने तो दिवसभर बांधावर उभा. डोक्याला दुपट्टा गुंडाळतो, पूर्ण बाह्यांचा सदरा घालतो. पण दुपट्टा बांधताना कान मोकळे ठेवतो, कारण कान झाकले की तोडणाऱ्यांनी ओरडून सांगितलेला आकडा नीट ऐकू येत नाही. नेमकी तिथेच, उजव्या कानाच्या वरच्या कडेवर, हरभऱ्याच्या डाळीएवढी एक खपली धरली. बोट फिरवले तर काचकागदासारखी खरखर लागायची. सकाळी उशीच्या अभ्र्यावर रक्ताचा ठिपका दिसायचा. “मामाजी, ही खपली निघते अन् पुन्हा धरते,” असे त्याने मला दिवाळीत सांगितले होते. त्याला ज्या ठिकाणी दाखवले तिथे उन्हाचा चट्टा असल्याचे सांगून मलम देण्यात आले, आणि बहिणीने काळजीने विचारले तेव्हा “आपल्याकडे कातडीचा कॅन्सर होत नाही, बाई” असे उत्तर मिळाले. आठ महिन्यांनी त्याला नागपुरात आणले. इथल्या एका तरुण डॉक्टरीणबाईंनी भिंगाने आधी कान पाहिला, मग खालचा ओठ, मग दोन्ही हातांचे पालथे पंजे, आणि त्याच दिवशी तुकडा काढून तपासायला पाठवला. अहवालात स्क्वॅमस सेल कार्सिनोमा, म्हणजे त्वचेच्या वरच्या थरातल्या पेशींचा कर्करोग, निघाला. कानाच्या कडेचा लहानसा भाग काढावा लागला. गाठ पसरलेली नव्हती, हे आमचे नशीब.

मी ३१ वर्षे कनिष्ठ महाविद्यालयात जीवशास्त्र शिकवले. डीएनएची शिडी फळ्यावर किती वेळा काढली असेल याची गणती नाही. दिवाळीत तो मुलगा माझ्या शेजारी बसून बोलला, आणि मी त्याच्या कानाकडे उजेडात वळून पाहिले नाही, ही खंत माझ्या मनातून जात नाही. आज जे लिहीत आहे ते त्या खंतीतून आलेले आहे, आणि त्यातले विज्ञान जमेल तितके काटेकोर ठेवण्याचा माझा प्रयत्न आहे.

सूर्यप्रकाशातले अतिनील किरण त्वचेत नेमके काय करतात, ते आधी सांगायला हवे, कारण पुढचे सगळे संशोधन त्यावरच उभे आहे. २८० ते ३१५ नॅनोमीटर तरंगलांबीचे यूव्हीबी किरण डीएनए थेट शोषून घेते. शिडीच्या एकाच बाजूवर शेजारीशेजारी असलेले थायमिन किंवा सायटोसिन हे दोन घटक त्या ऊर्जेने एकमेकांना चिकटतात. शिडीला तिथे गाठ पडते. पेशी विभागण्याआधी ही गाठ काढली गेली नाही तर नक्कल करताना चूक होते आणि सायटोसिनच्या जागी थायमिन लिहिले जाते. ही चूक इतकी ठरावीक पद्धतीची असते की ती सापडली म्हणजे इथे ऊन येऊन गेले आहे असे खात्रीने म्हणता येते. अमेरिकेतल्या संशोधकांनी १९९१ साली त्वचेच्या स्क्वॅमस सेल कर्करोगाचे २४ नमुने तपासले, तेव्हा त्यांतल्या १४ नमुन्यांत, म्हणजे ५८ टक्क्यांत, पी-५३ नावाच्या जनुकात उत्परिवर्तन आढळले आणि त्यात उन्हाची हीच सही उमटलेली होती. पी-५३ हा पेशीचा राखणदार आहे. डीएनएचे नुकसान मोठे असेल तर तो पेशीला विभागू देत नाही, आणि दुरुस्ती होण्यासारखी नसेल तर तिला मरू देतो. ऊन लागून सोललेल्या कातडीत अशा मेलेल्या पेशी असतात. राखणदारच निकामी झाला की बिघडलेली पेशी मरत नाही, उलट शेजारच्या निरोगी पेशी उन्हाने मेल्यावर रिकामी झालेली जागा तीच व्यापते.

या सगळ्याच्या वर निसर्गाने एक छत्री दिलेली आहे. मेलॅनिन या रंगद्रव्याचे कण त्वचेतल्या पेशींमध्ये केंद्रकाच्या वरच्या बाजूला टोपीसारखे गोळा होतात आणि डीएनएवर सावली धरतात. मोजमाप करून पाहिले तेव्हा गोऱ्या त्वचेच्या बाह्यस्तरातून सुमारे २४ टक्के यूव्हीबी आरपार जातात आणि आफ्रिकी वंशाच्या काळ्या त्वचेतून सुमारे ७ टक्के, असे आढळले. आपली वऱ्हाडी-नागपुरी त्वचा या दोहोंच्या मध्ये कुठेतरी बसते. म्हणूनच कापूस वेचणाऱ्या, निंदणी करणाऱ्या आमच्या बायाबापड्या जन्मभर उन्हात राबूनही या रोगापासून बऱ्याच अंशी सुरक्षित राहतात. अल्बिनिझममध्ये रंगपेशी जागेवर असतात, पण मेलॅनिन घडवणारी यंत्रणा जन्मतः बिघडलेली असते. अनेकांमध्ये हा बिघाड टायरोसिनेज या एन्झाइममध्ये असतो. छत्रीचा दांडा आहे, वर कापड नाही, अशी ती अवस्था. त्यांच्या बाबतीत “आपली सावळी त्वचा” हे वाक्य लागूच पडत नाही, आणि काटोलच्या बांधावरचे ऊन मात्र त्यांना इतरांइतकेच लागते.

अतिनील किरण आणि उष्णता या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे इथे आवर्जून सांगावेसे वाटते. नागपूरकराला नवतपा, म्हणजे मे अखेरचे नऊ कडक दिवस, आला की सावध व्हायचे शिकवावे लागत नाही. मे महिन्यात सगळे शहर तोंड बांधून गाडीवर निघते, महापालिकेचा उष्माघात-प्रतिबंधक कृती आराखडाही उन्हाळ्यापुरताच असतो. पण डिसेंबरात गच्चीवर उन्हात बसून संत्री खाताना जे ऊन गोड लागते त्यातही अतिनील किरण असतात, आणि अंगाला चटका बसत नसल्यामुळे त्यांची चाहूल लागत नाही. माझ्या भाच्याची सर्वांत जास्त उन्हे याच गोड दिवसांत खाऊन झाली.

आता मूळ लेखातल्या रेणूंकडे येतो. प्रतिबंधाचा विचार करणारे संशोधक ऊन पडल्यापासून गाठ होईपर्यंतची साखळी कडीकडीने सोडवून पाहतात आणि कोणती कडी औषधाने धरता येईल याचा शोध घेतात. लेखात सर्वांत जास्त जागा निकोटिनामाइडला, म्हणजे ब-३ जीवनसत्त्वाच्या एका रूपाला, दिली होती आणि ते योग्यच होते. ऊन लागल्यावर डीएनएची दुरुस्ती करताना पेशीतले ऊर्जेचे साठे झपाट्याने रिते होतात. निकोटिनामाइड ते साठे भरून काढते, त्यामुळे दुरुस्ती खोळंबत नाही, आणि उन्हाने त्वचेतली प्रतिकारशक्ती मंदावते तीही काही प्रमाणात सावरली जाते. २०१५ साली सिडनीच्या संशोधकांनी ३८६ लोकांवर केलेल्या चाचणीचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. रोज दोन वेळा ५०० मिलिग्रॅम गोळी वर्षभर घेणाऱ्यांमध्ये मेलॅनोमा (रंगपेशींचा कर्करोग) सोडून त्वचेचे इतर नवे कर्करोग २३ टक्क्यांनी कमी आढळले. गोळी बंद केल्यावर हा लाभ टिकला नाही. लेखात हे आकडे बरोबर दिले होते, परंतु ही चाचणी कोणावर झाली ते सांगायचे राहून गेले. आधीच्या पाच वर्षांत किमान दोनदा असा कर्करोग होऊन गेलेल्या ऑस्ट्रेलियन माणसांवर ती झाली. धडधाकट माणसाने दुकानातून डबी आणून सुरू करावी, असा तिचा अर्थ होत नाही. शिवाय अवयव-प्रत्यारोपण झालेल्यांवर याच गोळीची चाचणी झाली, तिचे निष्कर्ष २०२३ मध्ये आले आणि त्यांत फायदा दिसला नाही. ब-३ जीवनसत्त्व शरीरात जादा झाले असता त्यापासून तयार होणाऱ्या काही पदार्थांचा हृदयविकाराशी संबंध असावा, असेही २०२४ च्या एका अभ्यासाने सुचवले. म्हणून ही गोळी डॉक्टरांच्या सल्ल्यावाचून कोणी सुरू करू नये, एवढे वाक्य लेखात असते तर बरे झाले असते, कारण तो लेख वाचून आमच्या कॉलनीतल्या दोघांनी औषधाच्या दुकानात चौकशी केल्याचे मला ठाऊक आहे.

दुसरी कडी जळजळीची. उन्हाने भाजल्यावर काही तासांनी कातडी लाल होते ती प्रोस्टाग्लँडिन या रसायनांमुळे. ती तयार करणारे कॉक्स-२ हे एन्झाइम यूव्हीबीमुळे चेतवले जाते, आणि उंदरांमध्ये ते अडवले तर गाठी कमी होतात. सांधेदुखीसाठी दिले जाणारे सेलेकॉक्सिब हे औषध याच एन्झाइमला अडवते. कर्करोगपूर्व खपल्या असलेल्या २४० लोकांना ते नऊ महिने देऊन पाहिले गेले. ज्या खपल्या कमी व्हाव्यात म्हणून चाचणी आखली होती त्यांच्यात फरक पडला नाही, पण प्रत्यक्ष कर्करोग मात्र निम्म्याहून कमी झाले. हे वाचायला उत्साहवर्धक आहे. तरीही याच जातकुळीतले रोफेकॉक्सिब २००४ साली हृदयविकाराच्या धोक्यामुळे बाजारातून मागे घ्यावे लागले होते, हे विसरता येत नाही. आजारी माणसाला औषध देताना थोडा धोका पत्करला जातो. निरोगी माणसाने वर्षानुवर्षे घ्यायच्या गोळीला ती सवलत नसते, आणि प्रतिबंधाचे संशोधन इतके सावकाश चालते त्याचे खरे कारण हेच आहे.

या सावकाशीमागे ठेचाही आहेत. गाजरातले बीटा-कॅरोटीन त्वचेचा कर्करोग टाळील अशी मोठी आशा होती. १९९० मध्ये १,८०५ जणांवरच्या चाचणीने ती खोटी ठरवली, आणि पुढे फिनलंडमध्ये धूम्रपान करणाऱ्यांना तेच दिले तेव्हा फुफ्फुसाचा कर्करोग उलट वाढलेला आढळला. सेलेनियमच्या गोळ्यांनी त्वचेचा स्क्वॅमस कर्करोग कमी होण्याऐवजी वाढला. आपल्याकडे हळदीच्या आणि ग्रीन टीच्या नावाने जी पाकिटे विकली जातात त्यांच्याबाबतही हेच ध्यानात ठेवावे. हळदीतले करक्युमिन आणि चहातली पॉलिफेनॉल्स प्रयोगशाळेत एपी-१ सारखे कर्करोगाला चालना देणारे रेणू दाबतात ही गोष्ट खरी आहे, पण पेशींच्या ताटलीत जे घडते ते गिळलेल्या गोळीने माणसाच्या कातडीत घडेलच असे नाही. हळद आमच्या घरात रोज खाल्ली जाते, तिच्यावर माझा राग नाही. ती पाकिटावर छापून भीतीच्या किमतीला विकण्यावर आहे.

बेसल सेल या त्वचेच्या दुसऱ्या प्रकारच्या कर्करोगात पेशींना वाढत राहा असे सांगणाऱ्या ‘हेजहॉग’ संदेशमार्गाविषयी लेखात आले होतेच. तो अडवणाऱ्या गोळीने स्नायूंत पेटके येतात, चव जाते, केस गळतात, आणि जन्मजात दोषामुळे शेकडो गाठी होणाऱ्यांनासुद्धा ती फार काळ घेववत नाही, एवढी भर पुरे.

लेखात जे आले नाही आणि आमच्या दृष्टीने सर्वांत मोलाचे आहे ते मात्र सविस्तर सांगितले पाहिजे. फ्लुओरोयुरॅसिल हे जुनेच औषध आहे. थायमिन घडवणाऱ्या एन्झाइमला ते अडवते, त्यामुळे भराभर विभागणाऱ्या बिघडलेल्या पेशींना डीएनए तयार करता येत नाही आणि त्या मरतात. अमेरिकेत ९३२ माजी सैनिकांवर, ज्यांना आधी असा कर्करोग होऊन गेला होता त्यांच्यावर, ५ टक्के फ्लुओरोयुरॅसिल मलमाची चाचणी झाली. चेहऱ्याला आणि कानांना दिवसातून दोनदा, दोन ते चार आठवडे, एवढाच उपचार. २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेला निष्कर्ष असा की पुढच्या पहिल्या वर्षात शस्त्रक्रिया करावी लागेल अशा स्क्वॅमस कर्करोगाचा धोका ७५ टक्क्यांनी कमी झाला. चेहरा आणि कान, म्हणजे भाच्याची नेमकी तीच जागा. नागपूरच्या डॉक्टरीणबाईंनी जखम भरल्यावर त्याला हेच मलम दिले. तिसऱ्या आठवड्यात दोन्ही कान आणि कपाळ इतके लाल झाले, खपल्यांनी इतके भरले, की बहिणीने घाबरून मला रात्री फोन केला आणि मलम बंद करू का विचारले. मी डॉक्टरांना विचारून सांगितले की जी कातडी वरून चांगली दिसत होती तिच्यातल्या बिघडलेल्या पेशी आता दिसू लागल्या आहेत, ठरलेले दिवस पूर्ण होऊ दे. पाचव्या आठवड्यात खपल्या गळून खाली नवी गुलाबी कातडी आली. हे मलम भारतात मिळते. पण ते कुठे, किती आणि कोणी लावायचे हे त्वचारोगतज्ज्ञच ठरवू शकतो, आणि त्यासाठी आधी कोणीतरी कान पाहावा लागतो.

अल्बिनिझम असलेल्यांसारखीच उन्हाचा धोका असलेली आणखी काही माणसे आपल्या आसपास आहेत. झिरोडर्मा पिग्मेंटोसम या आजारात उन्हाने पडलेल्या डीएनएच्या गाठी काढण्याची यंत्रणाच जन्मतः निकामी असते. हे १९६८ साली दाखवून दिले गेले, आणि ही दुरुस्ती कशी चालते ते उलगडणाऱ्या अझीझ सँकार यांना २०१५ चे रसायनशास्त्राचे नोबेल आणखी दोघांसोबत मिळाले. या मुलांना विशीच्या आतच त्वचेचा कर्करोग होण्याचा धोका इतरांच्या हजारो पट असतो, आणि वर्ण सावळा असला तरी ती यातून सुटत नाहीत. विषाणूपासून मिळवलेले एक दुरुस्ती करणारे एन्झाइम लोशनमधून त्यांच्या त्वचेत पोहोचवण्याचा प्रयोग झाला. २००१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या चाचणीत रुग्ण फक्त ३० होते, पण वर्षभरात कर्करोगपूर्व खपल्या ६८ टक्क्यांनी कमी झाल्या. रेणूवर नेम धरणे म्हणजे काय, याचे याहून नितळ उदाहरण मला माहीत नाही. जे काम अडले होते नेमके तेच करणारे एन्झाइम बाहेरून आणून दिले. हा आजार आणि अल्बिनिझम हे दोन्ही आई आणि वडील अशा दोन्हींकडून सदोष जनुक आले तरच होतात, त्यामुळे नात्यात लग्न होणाऱ्या कुटुंबांत ते अधिक दिसतात. हे मी कोणाला दोष देण्यासाठी लिहीत नाही. अशा घरातल्या पुढच्या लग्नाआधी जनुकीय सल्ला मिळावा आणि अशा मुलाच्या आईला “तुझ्या पोटी असे कसे” म्हणून कोणी टोचू नये, यासाठी लिहीत आहे. माझ्या बहिणीने ते बोलणे पुष्कळ ऐकले आहे.

मूत्रपिंड-प्रत्यारोपण झालेले रुग्ण नागपुरातही वाढत आहेत. नवे मूत्रपिंड टिकावे म्हणून त्यांची प्रतिकारशक्ती औषधांनी दाबलेली असते, त्यामुळे बिघडलेल्या पेशी टिपणारा पहारा सैल पडतो. त्यांतले ॲझाथायोप्रिन तर डीएनएला उन्हातल्या यूव्हीए या जास्त तरंगलांबीच्या अतिनील किरणांबाबत अधिक नाजूक करते. आधी त्वचेचा कर्करोग झालेल्या १२० युरोपीय रुग्णांपैकी काहींना नेहमीच्या औषधाऐवजी एमटॉर या रेणूला अडवणारे सिरोलिमस दिले गेले. दोन वर्षांत त्यांच्यापैकी २२ टक्क्यांना नवा कर्करोग झाला, जुनेच औषध घेणाऱ्यांपैकी ३९ टक्क्यांना. सिरोलिमसचे दुष्परिणाम बरेच होते आणि सावळ्या रुग्णांना हा धोका मुळातच फार कमी असतो, तेव्हा सरसकट औषध बदलावे असे कोणीच म्हणणार नाही. रुग्णाने स्वतःहून तर मुळीच बदलू नये. पण कागदावर औषध लिहिताना उन्हाविषयी दोन शब्द बोलायला काहीच खर्च येत नाही.

आपल्याकडे त्वचेचा कर्करोग होतो तेव्हा पुष्कळदा तो उन्हाचा नसतोच. जुन्या भाजल्याच्या व्रणावर, वर्षानुवर्षे न भरणाऱ्या जखमेवर, कमरेला साडी किंवा धोतराची गाठ काचून पडलेल्या घट्ट्यावर, तळपायावर तो उगवतो. त्या कर्करोगांवर यूव्हीबीचे संशोधन लागू पडणार नाही. तरी “आपल्याकडे होत नाही” या वाक्याचे दुसरे खोटेपण त्यातून दिसते.

वर दिलेल्या मोठ्या चाचण्या ऑस्ट्रेलिया, युरोप आणि अमेरिकेत गोऱ्या माणसांवर झाल्या. त्यात गैर काही नाही, कारण रोग तिथे जास्त आहे. पण त्याचा परिणाम असा होतो की अल्बिनिझम असलेल्या भारतीय माणसाला निकोटिनामाइड किती उपयोगी पडेल, हे त्याच्या डॉक्टरांना अंदाजानेच ठरवावे लागते. उन्हात न जाता त्वचेत मेलॅनिन वाढवणारे रेणू शोधले जात आहेत, उंदरांवर आणि प्रयोगशाळेतल्या मानवी त्वचेवर ते चाललेही आहेत. पण ज्याचे टायरोसिनेजच काम करत नाही त्याच्या पेशींना रंग घडवण्याचा संदेश कितीही पाठवला तरी रंग तयार होणार नाही. म्हणजे ज्याला छत्रीची सर्वांत जास्त गरज त्याच्यापर्यंतच ती पोहोचत नाही. या माणसांना समोर ठेवून संशोधन व्हायला हवे, आणि नागपुरात ते होऊ शकते. मेडिकल, मेयो आणि एम्स अशी तीन मोठी सरकारी रुग्णालये इथे आहेत, लोकसंख्येवर आधारित कर्करोग नोंदणी इथे चालते, आणि विदर्भासह छत्तीसगड, मध्य प्रदेशातून रुग्ण इथे येतात.

परंतु आधी ही माणसे कागदावर यायला हवीत. २०१६ च्या दिव्यांग कायद्याने मान्य केलेल्या २१ प्रकारांत अल्पदृष्टी आहे. त्यामुळे अल्बिनिझम असलेली बहुतेक माणसे कधी ना कधी दृष्टीच्या प्रमाणपत्रासाठी सरकारी रुग्णालयात येतात. माझा भाचा वयाच्या २२ व्या वर्षी आला होता. डोळ्यांच्या डॉक्टरांनी डोळे तपासले, टक्केवारी लिहिली, शिक्का मारला आणि तो परत गेला. त्याच्या कानाकडे, ओठाकडे, हातांकडे पाहणे त्यांचे काम नव्हते आणि ज्याचे काम होते तो तिथे नव्हता. प्रमाणपत्राच्या त्याच दिवशी, त्याच खोलीत त्वचारोग विभागाच्या एका डॉक्टरांची खुर्ची ठेवली, त्यांनी प्रत्येकाची दहा मिनिटे तपासणी केली, नाव-पत्ता एका वहीत नोंदवून सहा महिन्यांनी पुन्हा बोलावले, तर नव्या इमारतीची किंवा नव्या योजनेची गरज पडणार नाही. संमती देणाऱ्यांची तीच वही उद्या एखाद्या चाचणीचा पाया होऊ शकेल.

सनस्क्रीनचेही तसेच आहे. क्वीन्सलँडमधल्या नॅम्बोर गावात १,६२१ लोकांवर १९९२ ते १९९६ या काळात झालेल्या चाचणीत, रोज सनस्क्रीन लावण्यास सांगितलेल्यांमध्ये स्क्वॅमस कर्करोग सुमारे ४० टक्क्यांनी कमी आढळला. गोऱ्यांसाठी झालेला हा अभ्यास ज्याच्या त्वचेत रंगच नाही त्याला तरी नि:शंक लागू पडावा. पण आपल्याकडे ते सौंदर्यप्रसाधन म्हणून विकले जाते, सरकारी रुग्णालयाच्या औषध-खिडकीवर मागायची वस्तू म्हणून कोणी त्याकडे पाहत नाही. चेहरा, मान, कान आणि दोन्ही हातांना पुरेसे लावायचे आणि दर दोन तासांनी पुन्हा लावायचे म्हटले तर ५० ग्रॅमची नळी आठवडाभरही पुरत नाही. बागेत मजुरीवर जाणाऱ्या घराला हा खर्च झेपणारा नाही. अल्बिनिझम आणि झिरोडर्मा असलेल्यांना तरी ते औषध म्हणून मोफत मिळावे, ही माझी आरोग्य विभागाकडे मागणी आहे. जागतिक आरोग्य संघटना आणि आंतरराष्ट्रीय कामगार संघटना यांच्या २०२३ च्या अंदाजानुसार २०१९ या एका वर्षात जगभरात सुमारे १९ हजार माणसे उन्हातल्या कामामुळे झालेल्या त्वचेच्या कर्करोगाने दगावली. त्यांतली आपल्याकडची किती हे सांगणे अवघड, कारण हा कर्करोग लहानशा शस्त्रक्रियेने निघून जातो म्हणून पुष्कळ ठिकाणी नोंदीतच येत नाही.

भाचा आता दर तीन महिन्यांनी तपासणीला येतो. बहिणीने त्याला जाड सुती कापडाची, चारी बाजूंनी रुंद कड असलेली टोपी शिवून दिली आहे. तिच्या सावलीत कान येतात आणि मोकळेही राहतात, त्यामुळे क्रेटचा आकडा ऐकू येतो.

आपल्याला विनंती अशी की मूळ लेखाच्या शेवटच्या वाक्याला पुढील जोड आपण पुरवणीच्या त्याच पानावर छापावी: “ज्यांच्या त्वचेत जन्मतः रंग नाही, ज्यांना लहानपणापासून थोड्याही उन्हाने कातडी सोलून डाग पडतात किंवा ज्यांचे प्रत्यारोपण झाले आहे, त्यांनी एक महिन्यात न भरणारी, रक्त येणारी किंवा पुन्हा पुन्हा धरणारी खपली त्वचारोगतज्ज्ञांना लगेच दाखवावी आणि तुकडा तपासण्याविषयी स्वतःहून विचारावे.”

कळावे.

आपला नम्र,
एक निवृत्त जीवशास्त्र शिक्षक,
नागपूर